रिठदला नेलेला नारळ

माझ्या नवऱ्याने आयुष्यात एकदाही कबड्डीची चढाई केलेली नाही. शाळेत असताना संघाबरोबर त्याला न्यायचे ते पाण्याची कळशी उचलायला, आणि हे तो स्वतःच हसत सांगतो. तरी आमच्या तालुक्याच्या गावातल्या कॉलेजचा मुलींचा संघ हरला, की आमच्या घरात दोन दिवस मोठ्याने बोलायची सोय नसते. भाजीत मीठ बरोबर पडलं का, एवढं विचारलं तरी "इथं पोरी हारल्या आन तुले मिठाचं पडलं" असं ऐकून घ्यावं लागतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दिवसभर वर्गातली पोरं सांभाळायची आणि घरी आल्यावर हे एक.

तो भाजीपाला पिकवतो. गावाला लागूनच आमची वाडी आहे. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, टमाटे, जे निघेल ते सकाळी बाजारात जातं. वाडीसमोर डांबरी रस्ता आणि रस्त्यापलीकडे कॉलेजचं मैदान. संध्याकाळी पाणी द्यायला गेला की पलीकडून मुलींचा एका दमातला 'कबड्डी कबड्डी' ऐकू यायचा. आधी तो रस्त्यावरून बघायचा, मग फाटकातून, मग आत कडुलिंबाखाली बसायला लागला. तिथे त्याला त्याच्यासारखेच आणखी काही जण भेटले. घरी सगळ्यांना ढीगभर कामं, पण कडुलिंबाखाली सगळे रिकामे. किराणा दुकानवाला त्यात होता, निवृत्त कंडक्टर होता. त्यांचं एक मंडळच झालं. त्याला नाव नव्हतं, वर्गणी नव्हती, फक्त आवाज होता.

त्यांची माया मी बघितलेली आहे, म्हणून चिडले तरी फार वेळ चिडता यायचं नाही. आमच्या वाडीतल्या काकड्या आधी मैदानावर जायच्या, उरल्या तर बाजारात. एखादी मुलगी लंगडत निघाली, की मंडळातल्या कोणाच्या तरी गाडीवरून घरी पोचायची. खेळाचे सल्ले तर विचारूच नका. चढाईला गेलेल्या पोरीला एक ओरडून सांगणार "बोनस घे", दुसरा "वापस फिर", तिसरा "कोपऱ्यातलीले हात लाव", आणि ती बिचारी मधल्या मध्ये पकडली गेली, की हे सगळे म्हणणार, ऐकत नाहीत आजकालच्या पोरी.

मग रोडग्यांचं प्रकरण झालं. संघ उपांत्य सामन्यात गेला, म्हणून मंडळाने आमच्या वाडीतल्या मारुतीला रोडग्यांचा नवस बोलला, आणि आनंद आवरेना म्हणून जिंकायच्या आधीच फेडून टाकला. सामन्याच्या दिवशी, दुपारी. गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजलेले कणकेचे रोडगे, वरून तुपाची धार, सोबत वांग्याची भाजी. वाढायला मीही होते, त्यामुळे मला माहीत आहे की एकाही मुलीला नाही म्हणू दिलं नाही. "माय, अजून एक. ताकत येते." त्या दुपारी आमच्या मुली चढाईला निघाल्या त्या जेवणाच्या पंगतीतून उठल्यासारख्याच. समोरच्या संघाने त्यांना जागच्या जागी पकडलं. मैदानाच्या कडेला बसून एकीला उलटी झाली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत माझा नवरा रडत होता.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मंडळाला बोलावलं. मॅडम म्हणजे कॉलेजच्या क्रीडाशिक्षिका. लहानखुऱ्या, गळ्यात कायम शिट्टी, एरवी आमच्यासारखंच बोलतात, पण चिडल्या की पुस्तकी मराठीवर येतात. त्यांनी खुर्च्या मांडल्या होत्या आणि चहा मागवला होता. नवरा म्हणतो, खुर्च्या पाहूनच मी ओळखलं, प्रकरण मोठं आहे. नुसतं रागावायचं असतं तर उभं ठेवलं असतं.

"तुमचं प्रेम मला समजतं," मॅडम म्हणाल्या. "पण आजपासून ते रेषेच्या बाहेरून करायचं."

आणि खरोखरच त्यांनी मैदानाच्या रेषेपासून पाच-सहा पावलांवर फक्कीची, म्हणजे चुन्याच्या भुकटीची, आणखी एक रेषा मारून घेतली होती. मंडळाने तिच्या पलीकडे बसायचं. कोण्या एका मुलीला काही द्यायचं नाही. काकड्या, पेरू काय असेल ते मॅडमकडे, सगळ्यांसाठी, आणि सामन्याच्या दिवशी तेही नाही. गाडीवर कोणाला बसवायचं नाही. मोबाइलच्या स्टेटसला मुलींचे फोटो लावायचे नाहीत. चढाई चालू असताना सल्ला नाही, आणि पाहुण्या संघातल्या मुलीचं नाव घेऊन तर तोंडच उघडायचं नाही. मंडळातल्या कोणाच्या मनात वाईट नव्हतं, हे मॅडमना ठाऊक होतं. पण त्यांना हेही ठाऊक होतं की कोण कोणाच्या गाडीवर बसली, एवढा एक शब्द गावातल्या बापाच्या कानावर गेला, तर ती पोर दुसऱ्या दिवशी मैदानावर नसते. मी स्वतः अशा दोन पोरी शाळेतूनच नाहीशा झालेल्या पाहिल्या आहेत, त्यामुळे मला मॅडमचं एक अक्षरही जास्त वाटलं नाही.

शेवटचा नियम त्यांनी चहा संपल्यावर सांगितला. ज्या मुली अजून बारावीत आहेत, पुढे कोणत्या कॉलेजात जायचं ते ज्यांचं ठरायचं आहे, त्यांच्या वाटेला जायचं नाही. फोन नाही, घरी जाणं नाही. कॉलेजतर्फे काय बोलायचं ते मॅडम बोलतील.

"आपल्या कॉलेजात येजो, एवढंही म्हनू नाही?" नवऱ्याने विचारलं.

"नाही."

"निसतं, चांगली खेळली बाप्पा, असं?"

"ते टाळी वाजवून म्हणायचं. सगळ्यांसमोर."

घरी आला तो फुगून. माझ्यापुढे मेथीच्या जुड्या बांधत म्हणाला, "तू मास्तरीन आहे, तूच सांग. पोरीले चांगलं म्हनाले परवानगी लागते काय?" मी म्हटलं, तुमच्या चांगल्या म्हणण्यानं एकीला उलटी झाली. त्यावर त्याने जुडी इतकी आवळली की देठं तुटली. पण पठ्ठ्याने नियम पाळले, हे मला सांगितलंच पाहिजे. सामना सुरू झाला की दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायचा, ओठ मिटलेले, आतल्या आत काहीतरी पुटपुटणं चालू. सामना संपेपर्यंत घामाने तोच भिजलेला असायचा.

त्या हिवाळ्यात वाशिमला बारावीच्या पोरींचे जिल्ह्याचे सामने होते. मंडळ गेलं. नवरा परत आला तो चप्पल न काढता सरळ स्वयंपाकघरात. रिठद गावची एक पोरगी आहे म्हणाला. काय सांगू तुला म्हणाला, आणि सांगण्याऐवजी करूनच दाखवायला लागला. मला ओट्यापाशी उभं केलं, खुर्ची माझ्या बाजूला ठेवली, आम्ही दोघी म्हणजे बचाव. मग वाकून, हात पसरून, डावीकडे जातो असं दाखवून उजवीकडे झेपावला आणि पाण्याचा गुंड, भरलेला हंडाच तो, घेऊनच पडला. पाणी पुसता पुसता सांगत होता, बारीक पोर आहे, दोन वेण्या, हात पाहशील तर गुडघ्यापर्यंत, आणि दम असा की समोरच्यांनाच श्वास लागतो. "आन चढाई करून आली ना, का अंगावरची माती झटकत नाही. तशीच उभी राह्यते." हे त्याला सगळ्यात जास्त आवडलं होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्याबद्दल त्याने एवढं बारीक कधी कोणाला सांगितलं असेल असं वाटत नाही. मला थोडा हेवा वाटला आणि खूप हसू आलं.

अडचण एवढीच होती की त्या पोरीला त्या दिवशी आणखी कोणीतरी पाहिलं होतं. अमरावतीच्या एका मोठ्या कॉलेजचे प्रशिक्षक आले होते. तिथे मुलींचं क्रीडा वसतिगृह आहे, अशी बातमी निवृत्त कंडक्टरने आणली. मंडळात चिंता पसरली. मॅडम काहीच करत नाहीत, असं सगळ्यांचं मत पडलं. मॅडम काय करत होत्या ते कोणाला माहीत नव्हतं, कारण मॅडम मंडळाला विचारून काही करत नसत.

उन्हाळ्यात, बारावीचा निकाल लागला त्या आठवड्यात, नवरा म्हणाला, "केनवडच्या बाजारात जाऊन राह्यलो." इस्त्रीचा शर्ट घालून, मंडळासकट, किराणावाल्याच्या जीपमध्ये. भाजी विकायला कोणी असं जात नाही, पण मला पापड-कुरड्या करायच्या होत्या, मी लक्ष दिलं नाही. ते केनवडला गेले हे खरं आहे. तिथे त्यांनी पेढे, टोपी, दुपट्टा आणि एक नारळ घेतला आणि तिथून सरळ रिठद.

संध्याकाळी चहा पिताना त्याने मला सगळं सांगितलं, आनंद पोटात मावत नव्हता म्हणून. पोरीच्या बापाला अंगणात खाटेवर बसवलं, डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर दुपट्टा, हातात नारळ. बापाला पेढा भरवला, पोरीला पेढा भरवला. बाप साधा माणूस, पाचसहा एकरांत सोयाबीन-तूर करणारा, भांबावून गेला. "पोरगी तुमच्या कॉलेजात टाका म्हंता काय?" त्याने विचारलं. हे म्हणाले, हो. मग त्याने नारळ कपाळाला लावला आणि म्हणाला, "झालं मंग. शब्द."

मी कप खाली ठेवला. "तुमी पोरगी पक्की करून आले?"

"कायची पक्की? सत्कार केला. टाळ्या वाजवल्या सगळ्याईनं."

आता आमच्याकडच्या माणसाला हे समजावून सांगावं लागू नये. वयस्क माणसं गाडी करून मुलीच्या घरी येतात, बापाला टोपी-दुपट्टा करतात, त्याच्या हातात नारळ देतात, पोरीचं तोंड गोड करतात. याचा आमच्या मुलखात एकच अर्थ होतो, आणि तो सगळ्या गल्लीला एकदम कळतो. त्यानंतर दुसरं स्थळ बघत नाहीत. ज्याने बघितलं, त्याचं नाव खराब होतं. मी एवढं सगळं बोलले, आवाजही चढला. नवरा म्हणाला, कबड्डीचं आन लगनाचं काय घेऊन बसली. पण त्याचा चहा तसाच राहिला.

पेरण्या आटोपल्या आणि एका रविवारी ती पोरगी आमच्या वाडीत आली. एकटी, बसने. मी आणि नवरा वांगी तोडत होतो. तिने पाणी मागितलं नाही, बसली नाही. दोन वेण्या, लांब हात, नवऱ्याने सांगितली होती तशीच.

"काका, तुमचा नारळ आमच्या देव्हाऱ्यात हाये," ती म्हणाली. "बाबा रोज त्याले हात जोडते. अमरावतीहून बोलावनं आलं माह्यं. चाचनीत निवड झाली. शनिवारपर्यंत जाऊन नाव टाका लागते, नाहीतर जागा दुसरीले देतीन. बाबा म्हनते, मी नारळ घेतला, आता जमत नाही."

नवरा वांग्याचं देठ धरून तसाच उभा. मग अगदी बारीक आवाजात म्हणाला, "आपल्या कॉलेजात काय वाईट हाये, माय?"

"काहीच वाईट नाही, काका. पन तिथं मॅट हाये. पुढचे सारे सामने मॅटवरच राह्यतात. मी आतापर्यंत मातीतच खेळली. अजून तीन वरीस मातीत खेळली, का मंग मॅटवर माह्या पाय टिकत नाही." मग थांबून म्हणाली, "मले जायचं हाये. तुमच्या मॅडमनंच तर मले चाचनीले पाठवलं होतं."

हे आम्हाला नवं होतं. मंडळ ज्या मॅडमना काहीच करत नाहीत म्हणत होतं, त्यांनी ही पोर आपल्या संघासाठी न ओढता स्वतः तिकडे पाठवली होती. मी नवऱ्यावर ओरडायला तोंड उघडलं आणि त्याच्याकडे बघून मिटलं. त्याचे डोळे भरले होते. मला माहीत आहे त्याच्या मनात काय चाललं होतं. हिवाळ्यापासून तो माणूस त्या पोरीला आपल्या मैदानावर चढाई करताना बघत होता, झोपेत आणि जागेपणी. ती समोरच्या फाटकातून आत येणार, कडुलिंबाखालून आपण बघणार, एवढंच त्याला हवं होतं. आणि त्यानेच तिला अडकवून ठेवलं होतं.

तो तसाच मैदानावर गेला, चिखलाच्या पायांनी, मॅडमपुढे उभा राहिला आणि सगळं सांगितलं. मीही सोबत गेले. मॅडमनी या वेळी खुर्ची दिली नाही. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आता मी जाऊन उपयोग नाही. नारळ त्यांनी तुमच्या हातून घेतलाय. सोडवायचा तो तुम्हीच." पुस्तकी नव्हतं ते बोलणं. दमलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे मोटरसायकलवर रिठदला गेलो. बाप नुकताच शेतातली डवरणी, म्हणजे कोळपणी, आटोपून आला होता, पायावर पाणी घेत होता. नवऱ्याने इकडची तिकडची पेरणीची चौकशी केली आणि मग अडखळत म्हणाला की दादा, त्या नारळाचं बोलायचं होतं.

बाप सरळ उभा राहिला. "वापस न्याले आले काय?"

नवरा मोटरसायकलची किल्ली हातात फिरवत राहिला.

"गावात काय म्हनतीन, भाऊ? टोपी घातली, नारळ देला, आन आता घेऊन चालले. कॉलेजवाल्याईनं पोरगी पाहून सोडली म्हनतीन. तिच्यात काहीतरी खोट निघाली म्हनतीन. अमरावतीले पाठवतो, नाही असं नाही. पन मंग तिनं उद्या गावात तोंड कसं दाखवाचं?"

याचा आम्ही विचारच केला नव्हता. नारळ ठेवावा तर शब्द बांधतो, परत घ्यावा तर पोरीला डाग लागतो. मी शिकलेली बाई, माझ्या डोक्यात काही येईना. पोरगी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिच्यामागे तिची आई होती. आम्ही आल्यापासून तिने पाणी दिलं होतं, पण शब्द बोलली नव्हती.

नवरा खाली बघत होता. मग त्याने मान वर केली.

"दादा, वापस न्याले नाही आलो. तुमी आमाले पाहुने समजले, तिथंच गडबड झाली. आमी वरपक्षाचे नाही. आमी मामाकडचे आहो."

बापाने हातातला तांब्या खाली ठेवला.

"मामाचा नारळ घरात ठेवाचा नसते," नवरा पुढे बोलत सुटला. "पोरगी बाहेरगावी शिकाले निघाली, का गाडीच्या चाकापुढं फोडा लागते. तवा तिची वाट मोकळी होते. आमी घाईघाईत सांगाचंच राह्यलो."

असा कोणताही रिवाज आमच्या तालुक्यात नाही. मला दोन मामा आहेत आणि त्यांनी माझ्यासाठी कधी काही फोडलेलं मला आठवत नाही. मी चेहरा कसाबसा सरळ ठेवला. बापालाही ते कळलं असावं, कारण तो बराच वेळ नवऱ्याकडे बघत होता. मग त्याने दाराकडे वळून बायकोला विचारलं, "असं असते काय वो?"

"असते," ती म्हणाली.

एवढंच. आणि आत जाऊन देव्हाऱ्यातला नारळ घेऊन आली, त्याच्यावर कुंकवाचं बोट होतं, आणि तो तिने नवऱ्याच्या नाही, माझ्या हातात दिला. मला त्या बाईला मिठी मारावीशी वाटली आणि मी मारली.

शुक्रवारी सकाळी रिठदच्या थांब्यावर मंडळ हजर होतं. मॅडम स्कूटीवरून आल्या होत्या आणि थोड्या अंतरावर उभ्या होत्या. वाशिमची बस आली तसा नवरा नारळ घेऊन चाकापुढे बसला. ड्रायव्हरने हॉर्नवर हात दाबून ठेवला. कंडक्टर खाली उतरून म्हणाला, "काहो, यष्टी हाये ही, तुमची नवी गाडी होय काय?" आमच्या निवृत्त कंडक्टरने त्याला बाजूला घेतलं आणि खात्यातल्या माणसाच्या भाषेत काहीतरी समजावलं. नारळ पहिल्याच फटक्यात फुटला. अर्धी बस खोबरं खात वाशिमला गेली, ड्रायव्हरसकट.

नवऱ्याने वाडीतले पेरू आणले होते. थैली त्याने मॅडमच्या हातात दिली, मॅडमनी पोरीच्या. नियम म्हणजे नियम. बसमध्ये चढण्याआधी पोरगी मॅडमच्या पाया पडली, मग आईबापाच्या, मग नवऱ्यासमोर वाकली. तो टुणकन मागे सरला.

"मामाच्या पाया नसते पडत, येडे!"

हे मात्र खरं आहे. आमच्याकडे भाची मामाच्या पाया पडत नाही, मामाच भाचीच्या पडतो. पण ते त्याला थांब्यावर, एवढ्या लोकांत जमलं नाही. नुसताच हात हलवत राहिला. घरी येताना मी मागे बसून त्याला चिडवलं, मोठे मामा झाले, अन् पाया पडायला लाजले. तो गाडी फार हळू चालवत होता.

नंतरचे महिने तो मैदानावर जायचा, रेषेबाहेर बसायचा, पण काकड्या बाजारात जास्त जायला लागल्या. तिच्या बापाचा नंबर त्याच्या मोबाइलमध्ये होता. त्याने एकदाही फोन केला नाही. फक्त मॅडमना आडून आडून विचारायचा की तिकडे मॅटवर पाय टिकतात का कोणाकोणाचे. मॅडम म्हणायच्या, टिकतात. मला त्याचं इतकं कौतुक वाटायचं की भाजीत मुद्दाम तेल जास्त घालायची.

पुढच्या हिवाळ्यात विद्यापीठाचे आंतरमहाविद्यालयीन सामने आमच्याच मैदानावर झाले. भाड्याने मॅट आणून अंथरली होती. तिच्या बाहेर, मातीवर, मॅडमची फक्कीची रेषा होतीच. मी शाळेतून अर्धी रजा घेऊन गेले. आमच्या मुलींसमोर अमरावतीचा संघ उभा राहिला, त्यात ती. निळा पोशाख, पायात बूट, वेण्या तशाच. नवऱ्याने हात मांड्यांखाली घेतले.

सामना शेवटच्या मिनिटापर्यंत बरोबरीत होता. ती चढाईला आली. डावीकडे जाते असं दाखवलं आणि उजवीकडे झेपावली, हात लागला, पण वळताना आमच्या मुलींनी तिला कमरेला धरलं. मग आणखी दोघी अंगावर आल्या. ती पडली, सरपटली, मध्यरेषा हातभर लांब. सगळं मैदान आमच्या मुलींसाठी ओरडत होतं. आणि माझा नवरा उठून उभा राहिला आणि सगळ्यांच्या वर ओरडला, "हात लांबव, माय! हात लांबव!"

तिचा हात रेषेला लागला. आम्ही हरलो.

किराणावाल्याने आपली खुर्ची उचलून लांब नेली. आमच्या मुली अशा बघत होत्या की मलाच कुठे जावं कळेना. मॅडम शिट्टी तोंडात धरून मॅटच्या त्या टोकाहून आमच्याकडे निघाल्या. त्यांच्या आधी ती पोचली, श्वास लागलेला, कोपर सोललेलं. फक्कीच्या रेषेपाशी थांबली, आतल्या बाजूला.

"मामा," ती म्हणाली, "चढाई चालू असली का बाहेरच्यानं ओरडाचं नसते. तुमाले मॅडमनं सांगतलं नाही काय?"

"सांगतलं होतं, माय," तो म्हणाला.

आणि वाकला. पाय रेषेच्या बाहेरच ठेवून, फक्त हात पलीकडे नेऊन, त्याने तिच्या बुटांना हात लावला आणि तो कपाळाला नेला. ती मागे सरली नाही. भाचीने मागे सरायचं नसतं. मॅडम तोवर जवळ आल्या होत्या. त्यांनी तोंडातली शिट्टी काढली आणि तशीच हातात धरून उभ्या राहिल्या.